सहा साचे आणि तिसरा माणूस

१९२८ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी चार माणसं जास्तीची जेवत होती. हे आज्जीला तिच्या सासूनं सांगितलेलं आणि आज्जीनं आम्हाला. चौघंही मुंबईहून आलेली. पणजोबा, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि त्यांची विधवा बहीण. ती गिरणीच्या वायंडिंग खात्यात होती, घरात तिला सगळे आक्का म्हणत. तेव्हा मुंबईहून यायचं म्हणजे पुण्याला गाडी बदलून वाठार स्टेशनला उतरायचं, तिथून बैलगाडीनं वाई आणि मग बावधनच्या अंगाला आमच्या गावापर्यंत चालत. रंगपंचमीच्या बगाडाला ही मंडळी येऊन गेली होती. दीड-दोन महिन्यांत ती पुन्हा दारात उभी राहिली, तेव्हा पणजी घाबरली.

"जत्रा झाली की. आता काय आनि?"

पणजोबा म्हणाले, "मालक म्हनतोय, तीन साचं चालवा."

साचा म्हणजे माग. तोवर मुंबईच्या गिरणीत एक विणकर दोन साचे चालवायचा. पहिल्या महायुद्धातली तेजी ओसरली होती, जपानचं स्वस्त कापड बाजारात आलं होतं आणि काही गिरण्यांनी नवी पद्धत काढली होती: विणकरानं दोनाऐवजी तीन साचे बघायचे, सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. पणजोबा चौथीपर्यंतही शिकलेले नव्हते, पण हा हिशेब त्यांनी पणजीला अंगणात खडे मांडून दाखवला होता. सहा साच्यांवर आधी तिघं होते. आता दोघं पुरणार. "मग तिसऱ्यानं कुटं जायाचं?"

हा प्रश्न आमच्या घरात चार पिढ्या फिरतो आहे. मला तो आज्जीकडून मिळाला आणि पुढं जे जे वाचलं ते मी त्याच्यावर घासून पाहत आलो. एक गोष्ट आधी सांगायला हवी. १९२८ मध्ये बहुतेक ठिकाणी नवं यंत्र आलेलंच नव्हतं. साचे तेच, धोटे तेच, भोंगा तोच. बदलला होता तो मालकाचा हिशेब. माणूस कमी करायचा हे आधी ठरतं, आणि त्यासाठी कधी यंत्र आणतात, कधी नुसताच कामाचा बोजा वाढवतात. म्हणून यंत्रावर राग धरून काही हाती लागत नाही, असं पणजोबांचं मत होतं. त्यांना साचा आवडायचा. तो आपल्या हाताखाली नीट चालतो याचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता.

तो संप एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यातूनच गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, उभी राहिली. कम्युनिस्ट पुढारी डांगे होतेच, पण पणजोबांच्या तोंडी नावं असत ती आळवे आणि कासले यांची, कारण ती दोघं गिरणीतली माणसं होती. संप मिटला तो फॉसेट समितीच्या चौकशीवर. पुढच्या वर्षी समितीचा अहवाल आला आणि माणसं कमी करण्याच्या त्या पद्धतीला तत्त्वतः मान्यता मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली.

हे सगळं पुस्तकांत आहे. पुस्तकांत जे कमी सापडतं ते आज्जी सांगायची. सहा महिने दीड लाख माणसं जेवली कुठं? काहींना युनियननं धान्य दिलं, पण हजारो लोक कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले. आमच्याकडं चार एकर जिरायत. त्या वर्षी पणजीनं बियाण्याची ज्वारी दळली आणि दोन शेळ्या विकल्या. पणजोबा संपाच्या गोष्टी सांगत तेव्हा त्यात शेळ्या नसत. पणजी सांगे तेव्हा शेळ्यांपासूनच सुरुवात होई.

गिरणीमालक त्या काळी आणि नंतरही सांगत राहिले की मुंबईचा कामगार हा मुळात शेतकरी आहे, त्याला गाव आहे, जमीन आहे, काम नसलं तर तो घरी जातो. खरंच होतं ते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की कामगार लहानाचा मोठा गावानं केला, आजारपणात त्याला गावानं सांभाळलं, संपात गावानं पोसलं आणि म्हातारपणी गावानंच परत घेतलं. मजुरी दिली ती फक्त मधल्या धडधाकट वर्षांची. वाई-जावळीच्या बाजरीनं मुंबईचं कापड स्वस्त ठेवलं. ही उधारी कुठल्याही गिरणीच्या वहीत नोंदलेली नाही.

आणि त्या सहा साच्यांजवळ ज्यांना उभंच राहू दिलं नाही, त्यांचा हिशेब आणखी वेगळा. आमच्या गावच्या महारवाड्यातले लोकही मुंबईला होते, पण साचेखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कांडीतलं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि विटाळ मानणारे विणकर त्यांना जवळ येऊ देत नसत. पगार बरा तो साचेखात्यात. दलित कामगारांना ते खातं खुलं करा, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी त्याच संपाच्या काळात लावून धरला. पणजोबा संपात होते, लाल बावट्यात होते, आणि तरी या बाबतीत ते गप्प राहिले, असं आज्जीनं मला स्पष्ट सांगितलं होतं. घरच्या माणसाची ही बाजू तिनं झाकली नाही.

आक्का मात्र त्या संपानंतर फार दिवस गिरणीत टिकली नाही. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई असे, आणि त्यांतल्या बऱ्याच वायंडिंग-रीलिंग खात्यांत. पुढच्या पन्नास वर्षांत त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. कारणं अनेक. वायंडिंगची जास्त वेगाची यंत्रं आली. बायकांना रात्रपाळी बंद होती, म्हणून पाळ्या वाढल्या तशी मालकांना त्या नकोशा झाल्या. आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. देशातला तसा पहिलाच. कायदा चांगलाच होता. विधिमंडळात आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली, आणि बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून काही भार त्यानंही उचलला पाहिजे, असं सांगितलं. पण तो भार पडला बाईच्या डोक्यामागे. ज्यानं बायका ठेवल्या त्यानं पैसे द्यायचे, ज्यानं ठेवल्या नाहीत तो मोकळा. मग मालकांनी बायकाच कमी केल्या. आक्का विधवा, तिला मूलबाळ नाही, तिच्यापायी बाळंतपणाचा एक पैसा कुणाला पडणार नव्हता. तीही गेली. उरलेली सगळी वर्षं ती आमच्या परसात शेणी थापत आणि इतरांची पोरं सांभाळत जगली.

आक्काची ही गोष्ट मी इतक्या तपशिलानं लिहितो आहे त्याला कारण आहे. मालकावरचा भार कशावर मोजायचा, माणशी की मालावर, या एका गोष्टीवर पुढचं बरंच काही ठरतं. मला हे उशिरा कळलं, आणि कळलं ते नानांमुळं.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. ते गिरणीत गेले नाहीत. सत्तरच्या दशकात मशीद बंदरला गेले आणि माथाडी झाले. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन गोदामाच्या फळीवरून चढायचं. पाटण, जावळी, वाई, कोरेगाव ह्या तालुक्यांतली हजारो माणसं तेव्हा हेच करत होती. त्यांचं कुणी मालक नव्हतं. आज या पेढीचा माल, उद्या त्या. पडला, मणका मोडला तर कुणाकडं जायचं? पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी, नाना जायच्या आधीच, या माणसांची संघटना बांधली होती आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. नाना त्या कायद्याविषयी बोलतात तेव्हा आवाज खाली आणतात, जसे लोक देवाविषयी बोलताना आणतात. व्यापारी अनेक, हमाल अनेक, मध्ये एक मंडळ. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी, बोनस, औषधपाणी. ज्याला एक मालक नाही त्याची जबाबदारी सगळ्या मालकांनी मिळून घ्यायची. हे डोंगराळ पाटणच्या एका माणसानं करून घेतलं याचा मला फार अभिमान आहे. आमच्या घराची मागची पडवी पक्की झाली ती लेव्हीच्या पैशातून.

नाना पुढं वाशीच्या बाजारात आले आणि तिथून निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी मी त्यांना विचारलं, आता कसं आहे तिकडं? ते म्हणाले, "आता मोठ्या गोदामात माल प्यालेटवर येतो. फोर्कलिफ्ट उचलती. चांगलं हाय, कुनाचा मनका मोडत न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पर फोर्कलिफ्टची लेव्ही कोन भरतंय?"

त्यांना उत्तर नको होतं, माहीतच होतं. लेव्ही मजुरीवर आहे. हमाल नाही, तर मजुरी नाही, तर लेव्ही नाही. ज्या व्यापाऱ्यानं माणसं ठेवली तो भरतो, ज्यानं यंत्र आणलं तो सुटतो. १९२९ मध्ये आक्काच्या बाबतीत झालं तेच. भार माणशी लावला की माणूस कमी करणाऱ्याला सूट मिळते.

मला वाटतं, आपल्या राज्यानं यातून बाहेर पडायचा रस्ता एकदा शोधला होता, आणि तोही याच भागात. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. मग १९७२ चा दुष्काळ आला. आमची आज्जी आणि आई त्या साली खडी फोडायला आणि नंतरच्या उन्हाळ्यांत नालाबांधाच्या कामावर होत्या. दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव आई अजून सांगते. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. केंद्रानं २००५ मध्ये केलेल्या कायद्यामागं हाच आधार होता. पण या योजनेला पैसे कुठून आणायचे? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरात जो पगार घेतो, धंदा करतो, त्यानं गावाकडच्या कामासाठी थोडं द्यायचं, आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. माझे थोरले चुलते, तात्या, तेव्हा गिरणीत होते. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराची ओळ असे. म्हणजे तात्या मुंबईतून दोन मार्गांनी आईला पैसे पाठवत होते, एक मनीऑर्डरनं आणि एक करानं. आणि हमीच्या कामांचा नियमही पाहा. खर्चात मजुरीचा वाटा निदान साठ टक्के हवा, कंत्राटदार नको, माणसांचं काम हिरावणारं यंत्र नको. कुठं यंत्र चालेल आणि कुठं माणूसच हवा, हे एका राज्यानं कायद्यानं ठरवलं होतं.

तात्यांचं पुढचं मी थोडक्यात सांगतो. ते लिहिताना मला त्रास होतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पुन्हा माणसं गावाकडं आली, या वेळी एस. टी.नं. पुन्हा बियाण्याचं धान्य काढलं, या वेळी आज्जीनं. फक्त हा संप मिटलाच नाही. लाखाहून जास्त लोक परत गिरणीत गेले नाहीत, तात्या त्यांतले एक. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. जिथं स्वस्तात आणि युनियनशिवाय होतं तिथं. राहिली ती गिरण्यांची जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत या जमिनीचे तीन हिस्से करायचे ठरलं होतं: एक महापालिकेच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला. कामगारांसाठीच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. तीन पिढ्या ज्या जमिनीवर घाम गाळला तिची किंमत वाढली, आणि त्या वाढीत कामगाराचा वाटा किती हे ठरवणाऱ्या खोलीत कामगार नव्हता.

वडिलांची गोष्ट वेगळी निघाली. ते मुंबईला गेलेच नाहीत. वाईत एका छापखान्यात जुळारी होते. वाई हे तसं छापण्या-वाचण्याचं गाव. प्राज्ञपाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला. शिशाचे खिळे उलटे वाचत वडील जुळणी करायचे. कानडी वळणाचं आडनाव असो की संस्कृत जोडाक्षर, त्यांचा हात केसमधल्या नेमक्या घरात जाई. नव्वदच्या आसपास संगणक आला. छापखान्याचा मालक मोठा माणूस नव्हता, त्याच्याकडं चार जुळारी. त्यानं दोघांना पगार चालू ठेवून पुण्याला टायपिंग शिकायला पाठवलं. तिसरा वयस्कर होता, त्याला बांधणीकडं घेतलं. चौथ्याला दुकान टाकायला पैसे दिले, ते त्यानं हप्त्यांनी फेडले. कुठल्याही कायद्यानं त्याला हे करायला लावलं नव्हतं. वडील म्हणायचे, "त्यानं आधी सांगितलं, हे मोठं. संगणक यायच्या वर्षभर आधी." चार जुळाऱ्यांच्या छापखान्याला जे जमलं ते मोठ्या गिरण्यांना जमलं नसतं असं मी मानत नाही. पण मालकाच्या चांगुलपणावर लाखो घरं सोपवता येत नाहीत, हेही वडिलांनाच जास्त पटलेलं होतं.

आता कारखान्याचे दिवस आले की भुईंजच्या बाजूला उसाच्या फडात हार्वेस्टर दिसतो. बीडकडून येणारी नवरा-बायकोची एक जोडी, जिला एक कोयता म्हणतात, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. यंत्र शंभर टनांच्या आसपास. ऊसतोडीचं काम इतकं हालाचं आहे, विशेषतः बायकांना, की ते कायम राहावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिथं एक गोष्ट बरी घडली आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं जे कल्याणकारी महामंडळ झालं, त्याला साखर कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं, असं ठरलं. टनामागं, कोयत्यामागं नाही! ऊस माणसानं तोडलेला असो की यंत्रानं, दहा रुपये द्यायचेच. नानांच्या प्रश्नाचं उत्तर या एका तरतुदीत आहे. हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हिशेब करत बसले. गोदामात किती टन उतरतात, टनामागं किती धरले तर किती होतील. "आसं आधीच का न्हाय केलं?" असं म्हणाले. १९६९ मध्ये पोतं माणसाशिवाय हलत नव्हतं, म्हणून, एवढंच मी सांगू शकलो.

माझा पुतण्या शिरवळच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात वेल्डिंगला होता. कंत्राटावर, अकरा-अकरा महिन्यांच्या. गेल्या वर्षी त्याच्या लाइनवर वेल्डिंगचे रोबो बसले आणि कंत्राट पुढं वाढलं नाही. कायमच्या कामगाराला कमी करायचं तर कायद्यानं सेवेच्या वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत नवं काही शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. पण मुदत संपलेलं कंत्राट म्हणजे कपात नव्हे. पुतण्याच्या हाती काही नाही. तो घरी आला, आणि वहिनीनं भाकरीचं पीठ वाढवलं.

त्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून आसपासच्या शाळांच्या भिंती रंगल्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावलं, ते चांगलंच झालं. फक्त कंपनीच्या कामगारांपुरता खर्च त्यात धरता येत नाही. आमचा पुतण्या तर आता कामगारही नाही, तो समाजच आहे. रोजगाराचं कौशल्य शिकवणं त्या कायद्याच्या यादीत बसतं. म्हणजे ज्या गावांतून माणसं कमी केली त्या गावांतल्या पोरांना रोबो चालवायला, दुरुस्त करायला शिकवणं, तेही शिकताना घर चालेल एवढं विद्यावेतन देऊन, याला कुठं आडकाठी दिसत नाही.

येत्या ग्रामसभेसाठी नानांनी एक ठराव तयार केला आहे. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. पन्नास मैलांच्या आतल्या ज्या कारखान्यानं यंत्र बसवून माणसं कमी केली, कायमची असोत की कंत्राटी, त्यानं किती आणि कुठल्या गावची याची यादी सहा महिने आधी त्या त्या ग्रामपंचायतीकडं द्यावी, आणि सामाजिक जबाबदारीचा खर्च आधी त्या यादीवर करावा. "आधी" हा शब्द नानांनी दोन्ही ठिकाणी स्वतः घातला. सरपंच म्हणाले, ग्रामपंचायतीला असा अधिकार नाही. नाना म्हणाले, "मागायला अधिकार लागत न्हाय," आणि बावधन, पसरणी, ओझर्डे इथल्या ओळखीच्या माथाड्यांना त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावले.